धुळीची भिंतीआडची वाट

पावसाळा सोडला तर उरणमध्ये धुळीला सुट्टी नसते. जासई, करळ, दिघोडे या पट्ट्यात कंटेनरचे ट्रेलर दिवसरात्र धावतात, दगडखाणींची बुकणी वाऱ्यावर येते आणि द्रोणागिरी नोडमध्ये कुठे ना कुठे भराव, पायलिंग नाहीतर प्लास्टर चालूच असते. न्हावा-शेवाचे बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले, तिथपासून तालुक्याचे रूप पालटत गेले. पुढे 12 जानेवारी 2024 या एकाच दिवशी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि खारकोपरहून उरणपर्यंत लोकलही आली. मुंबई जवळ आली, तशी बांधकामेही वाढली. हिवाळ्यात उरणच्या हवेचा निर्देशांक वाईट श्रेणीत गेल्याच्या बातम्या अलीकडे अधूनमधून येतातच.

त्यात ही धूळ कोरडी नसते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात आणि हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेऊ लागते. असे मीठ लागलेली धूळ पंख्याच्या पात्यांवर, खिडकीच्या जाळीवर, स्लायडिंगच्या पट्टीत चिकटून बसते. फडके मारले की निघण्याऐवजी फासली जाते. मोरा, करंजा किंवा केगावला राहणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको.

घरेही बदलली आहेत. सिडकोने जमिनी घेतल्या, 1984 च्या जानेवारीत शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई परिसरात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आज तालुक्यातल्या गावागावांत तळमजला अधिक दोन अशी घरे उभी दिसतात. खाली आईवडील, वर थोरला, त्याच्या वर धाकटा. अशा घरात साधा व्हॅक्युम क्लीनर घेतला तर तो जिन्यावरून वरखाली नेण्यातच निम्मा जीव जातो. म्हणून ज्यांचे घर अजून विटांच्या अवस्थेत आहे, त्यांनी प्लास्टरवाल्याला बोलावण्याआधी एका गोष्टीचा विचार जरूर करावा. ती म्हणजे सेंट्रल व्हॅक्युम.

मराठी घरांत ही व्यवस्था अजून नवखी आहे. कॅनडात मुलाकडे किंवा लेकीकडे जाऊन आलेल्यांनी मात्र ती हमखास पाहिलेली असते. पॅसेजच्या भिंतीत, विजेच्या सॉकेटच्या उंचीवर, एक छोटी झाकणी असते. झाकणी उचलून लांब होज त्यात खोचला की तळघरात कुठेतरी मोटार घुमू लागते आणि होजच्या टोकाने केर ओढायला सुरुवात होते. खोलीत ना मशीन, ना वायरचा गुंता. सांडपाण्यासाठी घरात जशी पाइपांची व्यवस्था असते तशीच ही केराची, फक्त इथे उताराऐवजी हवेचा दाब काम करतो.

म्हणजे नेमके काय होते? मोटारीवरचा पंखा पाइपातली हवा बाहेर फेकतो, आतला दाब उतरतो आणि खोलीतली हवा बाहेरच्या जास्त दाबाने होजमध्ये घुसते. आपल्याला वाटते मशीन ओढते आहे; खरे तर वातावरण ढकलत असते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. घरगुती सेंट्रल मशीन त्यातला साधारण तीन मीटरचा फरक निर्माण करू शकते. होज मोकळा असताना पाइपातून हवा ताशी साठ ते नव्वद किलोमीटरच्या वेगाने धावते. वंदे भारतच्या शौचालयात बटण दाबल्यावर जो जोरदार आवाज येतो, त्यामागचे तत्त्व हेच. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तर इमारतींमधला कचराच जमिनीखालच्या पाइपांतून हवेने खेचून नेतात.

गंमत अशी की ही कल्पना हातातल्या विजेच्या मशीनपेक्षा जुनी आहे. ह्युबर्ट सेसिल बूथ हा लंडनचा इंजिनिअर मुळात पूल आणि आकाशपाळणे बांधणारा. 1901 मध्ये त्याने एक यंत्र पाहिले, ते धुळीवर वारा फुंकायचे. फुंकण्याऐवजी ओढले तर, असे त्याच्या मनात आले. एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली आणि त्याला ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटलेली दिसली. त्याचे पहिले मशीन घोडागाडीवर बसवलेले होते. गाडी रस्त्यात उभी राहायची आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. सातव्या एडवर्डच्या 1902 मधल्या राज्याभिषेकाच्या आधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच मशीनने साफ केले. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड केनी याने पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये वाफेवर चालणारे यंत्र कायमचे बसवले आणि त्याला पाइप जोडले. यंत्राचे वजन चार हजार पौंड, म्हणजे जवळपास अठरा क्विंटल.

हातात धरून फिरवता येईल असे विजेचे मशीन आले ते नंतर. ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात जेम्स मरी स्पँग्लर साफसफाईचे काम करायचा. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बेजार व्हायचा. पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्याने स्वतःपुरते यंत्र केले. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळाले, ते हूवर कुटुंबाने विकत घेतले आणि पुढे घरोघरी हीच जात पसरली. भिंतीतले पाइप मागे पडले. स्वस्त प्लास्टिकचे पाइप मिळू लागल्यावर, दुसऱ्या महायुद्धानंतर, ते पुन्हा घरांत आले.

आपल्याकडे व्हॅक्युम क्लीनर आला तो दारावर. 1982 मध्ये फोर्ब्स आणि स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने मिळून युरेका फोर्ब्स काढली आणि टाय लावलेले सेल्समन मध्यमवर्गीय घरांत सोफ्यावरची धूळ काढून दाखवू लागले. त्यांतली बरीच मशीन नंतर लॉफ्टवर खोक्यात गेली, हेही खरे. काढा, जोडा, वायर सोडा, वापरा, पुन्हा गुंडाळा, एवढी उस्तवार रोज कोण करणार? शिवाय साध्या मशीनची एक खोड आहे. ते केर पिशवीत घेते आणि हवा परत खोलीतच सोडते. फिल्टर चांगला नसेल तर अगदी बारीक धूळ, म्हणजे फुफ्फुसात खोल जाणारी, पिशवीतून निसटून पुन्हा तुमच्याच नाकाशी येते. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर असला तर हा प्रश्न बराच सुटतो. पण तो वेळेवर बदलायला हवा. सेंट्रल मशीन वापरलेली हवा सरळ घराबाहेर सोडते. जाहिराती ओढण्याच्या ताकदीचे कौतुक करतात. उरणसारख्या ठिकाणी आणि दम्याचा माणूस असलेल्या घरात खरा फायदा हा बाहेर सोडण्याचा आहे.

आता पाइपांकडे येऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पहिला घोटाळा दुकानातच होतो. परदेशी बनावटीच्या बहुतेक सेंट्रल व्हॅक्युमचा पाइप बाहेरून दोन इंच, म्हणजे 50.8 मिलिमीटर असतो. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात 'दोन इंची' मागितला तर 63 मिलिमीटरचा पाइप हातात पडण्याचीच शक्यता जास्त. मोठा पाइप बरा, असे प्लंबर म्हणेल, आणि पाण्याच्या बाबतीत ते बरोबरही आहे. हवेच्या बाबतीत उलटे घडते. पाइप रुंद झाला की तेवढ्याच हवेचा वेग जवळपास एक तृतीयांशाने उतरतो आणि खडा, तांदळाचा दाणा, केसांचा पुंजका वाटेतच बसतो. दुसरीकडे, आपल्याकडच्या 50 मिलिमीटरच्या पाइपावर परदेशी बेंड बसवला तर 0.8 मिलिमीटरची फट राहते. एवढीशी फट सोल्युशनने भरून निघेल असे वाटते. पण हवा तिथून शिरत राहते आणि टोकाचा जोर कमी होतो. म्हणून पाइप, बेंड आणि झाकण्या एकाच बनावटीच्या घ्याव्यात. वाचवायचेच तर ब्रशांच्या संचावर वाचवावे.

दुसरी गोष्ट सोल्युशन लावण्याची. प्लंबर सवयीने ते बेंडच्या आतल्या बाजूलाही फासतो. मग पाइप आत सरकताना सोल्युशनची कड पुढे ढकलली जाते आणि आत वाळून तिचा उंचवटा तयार होतो. पाण्याला त्याचे काही वाटत नाही. केसांना आणि दोऱ्यांना मात्र अडकायला तेवढे पुरते. त्यावर आणखी केस, मग कागदाचा कपटा, आणि वर्षभरात पाइप तुंबतो, तोही टाइल लावलेल्या भिंतीआड. सोल्युशन फक्त पाइपाच्या बाहेरच्या बाजूला लावायचे. पाइप काटकोनात कापायचा आणि कापलेल्या कडेची आतली कीस पात्याने खरवडून काढायची. पाइपमागे दोन मिनिटांचे काम आहे, पण समोर उभे राहून करून घ्यावे लागते.

बेंडचेही एक शहाणपण आहे. सगळीकडे लांब वळणाचे बेंड वापरतात, फक्त झाकणीच्या लगेच मागे मुद्दाम आखूड वळणाचा बेंड ठेवतात. अडकणारी वस्तू अडकायचीच असेल तर ती तिथेच अडकावी, जिथे बोट किंवा आकडा पोहोचतो. तिथून जी वस्तू पुढे सरकेल ती केराच्या डब्यापर्यंत निर्धोक जाईल. तसेच आडव्या पाइपाला फांदी जोडताना ती वरून किंवा बाजूने जोडावी. खालून जोडली तर मुख्य पाइपातून जाणारा केर त्या फांदीत गळून साठतो.

पाइप जाणार कुठून, हा आरसीसी घरातला अवघड प्रश्न. अमेरिकेत आणि कॅनडात घरे लाकडी चौकटीची, भिंती पोकळ; पाइप कुठूनही घाला. आपल्याकडे विटा नाहीतर ब्लॉक. भार पेलणाऱ्या भिंतीत उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल नसावी, असा भारतीय मानकांतला संकेत आहे. नऊ इंची भिंतीत उभी खाच तीन इंचांपर्यंत चालते, म्हणजे पाइप आरामात बसतो. आडवी मात्र दीड इंचावर थांबते, आणि पाइप दोन इंचाचा. चार इंची पार्टिशनमध्ये तर तो उभाही नीट मावत नाही. आरसीसी चौकटीच्या घरात भिंती भार पेलत नाहीत हे खरे, तरी हे प्रमाण पाळलेले बरे. चार इंची भिंत अर्धी कोरल्यावर टाइलमागे भेगा पडल्या तर गवंडी आणि प्लंबर एकमेकांकडे बोट दाखवतात. तेव्हा उभा पाइप जिन्याजवळच्या डक्टमधून किंवा नऊ इंची भिंतीतून न्यावा आणि आडवा पाइप पीओपीच्या छताआडून. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही. स्लॅबमधून वर जायचे असेल तर कास्टिंगच्या आधीच तिथे मोठ्या पाइपाचा तुकडा ठेवून भोक राखावे. नंतर कोअर कटिंगचा खर्च येतो आणि सळई तुटण्याचा धोका वेगळाच.

झाकण्या किती आणि कुठे? याला सुतळी पुरते. होज साधारण नऊ मीटरचा असतो, म्हणून नऊ मीटर सुतळी कापावी, जिथे झाकणी बसवायची तिथे एका पोराला टोक धरून उभे करावे आणि दुसरे टोक घेऊन प्रत्येक कोपऱ्यात जावे. पलंग आणि कपाट कुठे येणार ते खडूने जमिनीवर आखून सुतळी त्यांना वळसा घालून न्यावी. सरळ रेषेत मोजून फसणारे पुष्कळ. बहुतेक घरांत पॅसेजमधल्या एका झाकणीत अर्धा मजला भागतो. दाराच्या मागे आणि कपाटाआड येईल तिथे झाकणी बसवू नये. स्वयंपाकघरात ओट्याखाली, स्कर्टिंगच्या उंचीवर, पायाने उघडणारी एक फट बसवता येते: केरसुणीने केर तिच्या तोंडाशी आणायचा, पायाने दाबायचे, केर गायब. केरभरणी घेऊन वाकावे लागत नाही. पाठदुखीच्या बाईला सगळ्या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत आवडावी.

पाइपाबरोबर एक बारीक दोन तारांची वायर जाते, चोवीस व्होल्टची. होज झाकणीत बसला की ती मोटारीला सुरू व्हायला सांगते. मोटारीला मात्र स्वतंत्र सोळा ॲम्पियरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवे. दीड हजार वॉटची मोटार वीस मिनिटे चालली तर अर्धा युनिट जळतो, त्यामुळे बिलाची धास्ती नको.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सगळे एकदम घ्यायला लागत नाही. प्लास्टरआधी फक्त पाइप आणि वायर टाकून, तोंडे टोपणाने बंद करून ठेवता येतात. मशीन दोन-तीन वर्षांनी, हात मोकळा झाल्यावर आणावे. पाइपाचा खर्च घराच्या एकूण प्लंबिंगपुढे किरकोळ आहे, मशीनचा नाही. झाकायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, शेजारी मोजपट्टी धरून, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढे टीव्हीसाठी किंवा देव्हाऱ्यासाठी भिंतीत ड्रिल मारणारा हमखास त्याच पाइपावर येतो.

तयार फ्लॅटमध्ये, विशेषतः एक-दोन खोल्यांच्या, या भानगडीत पडू नये. पाचशे चौरस फुटांसाठी भिंती फोडण्यापेक्षा हेपा फिल्टरचे चांगले हातातले मशीन शहाणपणाचे. आणि मोठ्या घरातही केरसुणी सुटत नाही. परदेशात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे असतात, आपल्याकडे टाइल आणि कोबा. रोजचा केर झाडून, फरशी ओल्या फडक्याने पुसण्याला पर्याय नाही. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करणाऱ्यांनी काळजी करू नये. सेंट्रल व्हॅक्युमचे खरे काम असते गाद्या, सोफे, पडदे, खिडकीच्या पट्ट्या, पंखे, जिना आणि माळ्यावर. गणपतीची आरास उतरवल्यावर राहणारी चमकी, दिवाळीआधीची कोळिष्टके इथे ते हातासरशी काम उरकते.

काही गोष्टी मात्र त्याच्या तोंडी द्यायच्या नाहीत. पाणी आणि ओला केर अजिबात नाही, म्हणजे मासळी साफ केल्यावरचे खवलेही नाहीत. ओल्यासाठी वेगळी जोडणी मिळते, ती नसेल तर फडके. रांगोळी आणि प्लास्टरची बुकणी फार बारीक असते, फिल्टर लगेच तुंबतो. त्यामुळे बांधकामाचा उरलासुरला केर काढायला नवे मशीन लावणे म्हणजे त्याची वाट लावणे. धूपाची राख, समईतली वात, फटाक्यांचे कागद यांत ठिणगी जिवंत असू शकते आणि हवेचा झोत तिला पेटवतो. तिथे झाडूच.

मशीन कुठे ठेवायचे हे उरणमध्ये नीट ठरवावे. गच्चीवर उघड्यावर किंवा समुद्राकडच्या बाल्कनीत ठेवले तर खारी हवा पत्र्याचे आवरण आणि जोड खाऊन टाकते. जिन्याखालची जागा किंवा आतला वॉशिंग एरिया बरा. पार्किंगमध्ये ठेवायचे तर भरतीच्या वेळी पाणी तुंबते का ते शेजाऱ्यांना विचारून, भिंतीवर उंच टांगावे. हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपाचे तोंड खाली वळवून त्याला जाळी आणि झडप लावावी. नाहीतर पहिल्या पावसात पाणी आत येते, आणि उन्हाळ्यात कुंभारीण माशी मातीचे घर बांधून ते तोंड लिंपून टाकते. ते तोंड शेजाऱ्याच्या खिडकीसमोर काढणे म्हणजे भांडणाला निमंत्रण. आपल्या घरातला आवाज गेला तरी तो कुठेतरी जातोच, म्हणून आवाज कमी करणारी नळीही बसवून घ्यावी.

केराचा डबा वर्षातून तीन-चारदा रिकामा करावा लागतो. ट्रेलरच्या रस्त्यालगतच्या घरात त्याहून अधिक. त्यातली एक वेळ मे महिन्याच्या अखेरची ठरवून टाकावी. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या भागात कोंडलेली, मीठ असलेली धूळ जूनमध्ये ओल धरते आणि डब्यात बुरशी येते. फिल्टर धुण्याजोगा असेल तर तो उन्हात खडखडीत वाळवूनच परत बसवावा. जोर कमी वाटला तर मशीनला दोष देण्याआधी, होज काढला तरी मोटार चालू राहील असे करून, झाकणीशी तळहात धरून पाहावा. तिथे जोर असेल तर बोळा होजमध्येच आहे. एकाच झाकणीला जोर नसेल तर दोष तिच्या फांदीत, सगळ्यांना नसेल तर डब्यात किंवा फिल्टरमध्ये.

विकत घेताना किमतीच्या आधी सुट्या भागांचे विचारावे, कारण यांतली बरीच मशीन आयात होतात. बहुतेकांची मोटार मिक्सरच्या जातीची, कार्बनवर चालणारी असते. कार्बन झिजले की आवाज बदलतो आणि ठिणग्या दिसू लागतात. त्या मापाचे कार्बन मिळाले तर ते बदलण्याचे काम बाजारातला वाइंडिंगवालाही करील. आर्मेचर जळाले तर मात्र ते गुंडाळून घेऊ नये. ही मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते, तोल थोडा जरी चुकला तरी बेअरिंग महिन्याभरात जाते. तिथे अख्खी मोटारच बदलावी, आणि ती किती दिवसांत येईल हे विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावे.